ऊब लागली की उमटते

हल्ली भेटवस्तूंच्या दुकानांतून चिनी मातीचा एक पेला मिळतो. बाहेरून तो नुसता काळा असतो. मुंजीत किंवा लग्नात आहेर म्हणून कोणी पुढे केला तर घेणाऱ्याचे तोंड उतरावे इतका काळा. पण त्यात कढत कॉफी ओतली की मिनिटभरात तो काळेपणा विरळ होत जातो आणि खालून एखाद्या पलटणीचे चिन्ह वर येते. कुठे पंख पसरलेला गरुड, कुठे खंजीर, कुठे तुतारी. कॉफी संपली, पेला निवला, की चिन्ह पुन्हा काळोखात बुडते. अमेरिकेत डिव्हिजनांची चिन्हे छापलेले असे पेले विकत मिळतात. आपल्याकडेही फोटो छापून देणारा कोणताही दुकानदार हवे ते चिन्ह त्यावर उतरवून देतो.

पोरखेळ म्हणून ही वस्तू सोडून देता येईल. मात्र इतिहासाचे वेड लागलेल्या माणसाला पोरखेळातही कुळी शोधण्याची खोड असते. ह्या पेल्यात दोन गोष्टी एकत्र नांदतात. एक, उष्णतेने पालटणारा रंग. दुसरी, पलटणीचे चिन्ह. दोन्हींचे मूळ शोधीत मागे गेले तर आपण एकाच वाड्याच्या दारात येऊन उभे राहतो, आणि तो वाडा लष्करी गुप्ततेचा आहे. शाईच्या बाबतीत हे कोणालाही पटेल. पण चिन्ह? ते तर दाखविण्यासाठीच असते, अशी आपली समजूत. आज बाह्यांवर आणि पेल्यांवर दिसणारी डिव्हिजनांची चिन्हे मुळात लपविण्यासाठी जन्मली, हे मला ह्या लेखात सांगावयाचे आहे.

आधी शाईचे पाहू. लिंबाच्या रसाने कोऱ्या कागदावर लिहावे, वाळू द्यावे आणि कागद दिव्यावर धरावा. अक्षरे तपकिरी होऊन वर येतात. हा खेळ आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी केलेला असेल. रसातील आम्लाने कागदाचा तेवढा भाग हळवा होतो आणि बाकीच्या कागदाआधी करपतो. गंमत म्हणतात ती एवढीच. पण ह्याच गमतीपायी माणसे प्राणास मुकली आहेत. पहिल्या महायुद्धात कार्ल म्यूलर नावाचा एक जर्मन हेर लंडनमध्ये राहून हॉलंडला पत्रे धाडीत असे. वर साधी इंग्रजी खुशाली आणि ओळींच्या मध्ये लिंबाच्या रसाने लिहिलेली लष्करी बातमी. टपाल तपासणाऱ्यांनी कागद ऊन केले आणि तो पकडला गेला. झडतीत लिंबू सापडले. २३ जून १९१५ रोजी टॉवर ऑफ लंडनमध्ये त्याला गोळ्या घातल्या. पुराव्यातले ते लिंबू वाळून काळे ठिक्कर पडले आहे. ब्रिटिश सरकारच्या दप्तरखान्यात ते अजून जपून ठेवलेले आहे. मोठमोठ्या सेनापतींच्या तलवारी जिथे गहाळ झाल्या, तिथे एक लिंबू शंभर वर्षांवर टिकावे, ह्याला दप्तरखान्याचा विनोद म्हणायचे.

उष्णतेने उघडी पडणारी शाई हेराला फार धोक्याची, हे त्याच्याही सव्वाशेहून अधिक वर्षे आधी जॉर्ज वॉशिंग्टनला ठाऊक होते. दिवा कोणाच्याही घरी असतो. म्हणून न्यूयॉर्कमधील आपल्या हेरांसाठी त्याने सर जेम्स जे ह्या वैद्याने तयार केलेली शाई वापरली. ती कितीही शेकली तरी दिसत नसे. दुसरे एक द्रावण कागदावरून फिरविले तरच अक्षर उठे. जे ह्यांनी पुढे म्हातारपणी ह्याचा अभिमानाने उल्लेख केला आहे की, लिंबू आणि दूध ज्या आचेला बळी पडतात ती आच माझ्या शाईचे काही करू शकली नाही.

पण आपल्या पेल्याचा खरा पूर्वज लिंबू नव्हे. लिंबाचे अक्षर एकदा उठले की ते कायमचे. पेल्यावरचे चिन्ह येते आणि जाते. ह्या येण्याजाण्याची कहाणी फ्रान्सची आहे. जाँ हेलो नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १७३७ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे कोबाल्टच्या एका शाईचे वर्णन केले. कागदावर वाळली की ही फिकी गुलाबी शाई दिसेनाशी होते. ऊब लागली की निळसर हिरवी होऊन उमटते. आणि कागद निवून हवेतला दमटपणा त्याने पुन्हा शोषला की नाहीशी होते. औषधांच्या डब्यांत दमटपणा टिपण्यासाठी ज्या दाण्यांच्या पुड्या घालत, त्यांतले निळे दाणे ओल लागताच गुलाबी होत. तेही हेच कोबाल्ट. मुंबईच्या आषाढात हेलोची शाई किती पळे टिकली असती कोण जाणे!

पॅरिसच्या रसिकांनी ह्या शाईचे काय केले? शेगडीपुढे ठेवावयाच्या पडद्यांवर त्यांनी हिवाळ्याचे देखावे रंगविले: निष्पर्ण झाडे, बर्फाने झाकलेली जमीन. फांद्यांवर पाने काढली ती ह्या अदृश्य शाईने. शेगडी पेटली की झाडांना पालवी फुटे आणि विस्तव विझला की पुन्हा शिशिर. गुप्त लेखनाची विद्या दिवाणखान्यात शिरली ती अशी. कॉफीच्या पेल्याशी तिची सोयरीक तेव्हाच ठरली म्हणावयास हरकत नाही.

आजच्या पेल्यात कोबाल्ट नसते. त्याच्या अंगावर आधी चिन्ह छापतात आणि त्यावर काळ्या रंगाचा लेप देतात. ह्या लेपात डोळ्यांना न दिसणारी असंख्य बारीक संपुटे असतात. प्रत्येक संपुटात तीन द्रव्ये: एक रंगद्रव्य, एक सौम्य आम्ल आणि एक मेणासारखा पदार्थ. गारव्यात मेण गोठलेले असते, आम्ल आणि रंगद्रव्य एकमेकांना धरून असतात आणि लेप काळा दिसतो. उष्णतेने मेण वितळले की ती जोडी फुटते आणि रंग मावळतो. म्हणजे कॉफीने चिन्ह उमटत नाही, फक्त वरचा पडदा सरतो. चिन्ह होते तिथेच असते. जपानच्या पायलट कंपनीने १९७० नंतरच्या दशकात ह्या युक्तीवर पुष्कळ काम केले. घासले की लिहिलेले पुसले जाते असे तिचे पेन २००६ साली बाजारात आले; तेही हेच तत्त्व, घासण्याच्या उबेने रंग घालविण्याचे. असो. रसायनाची पोथी इथेच बांधून ठेवू, कारण मला खरे आकर्षण पडद्याखालच्या चिन्हाचे आहे.

जुन्या काळी लढाईतले चिन्ह दिसावे म्हणूनच असे. मराठ्यांचा जरीपटका हत्तीवर चढे तो दुरून ओळखू यावा ह्यासाठी. आपले कोण, परके कोण, सरदार कुठे आहे, पळायचे की टिकायचे, हे सारे निशाणावरून ठरे. पण बंदुका दुरून मारू लागल्या, बिनधुराची दारू आली, आणि दिसणे हेच मरण झाले. तेव्हा सैन्याने धुळीचे रंग अंगावर घेतले. ‘खाकी’ हा शब्द ‘खाक’ म्हणजे धूळ ह्यावरून आला, आणि तो पोशाखही हिंदुस्थानातलाच. १८४६ साली पेशावरकडे हॅरी लम्सडेनने जी गाईड्सची पलटण उभारली तिच्यापासून त्याची चाल पडली. पन्नास-साठ वर्षांत अर्धे जग खाकी झाले. मग दुसरीच अडचण उभी राहिली. सगळेच धुळीचे झाल्यावर आपल्या माणसाला तरी आपले माणूस ओळखू कसे यावे?

पहिल्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटिश सैन्यात टोपीवर रेजिमेंटचे चिन्ह असे आणि गाड्यांवर डिव्हिजनचे नाव लिहिलेले असे. रस्त्याकडेच्या एखाद्या हेराला नुसते मोजीत बसले तरी कोणती डिव्हिजन कुठे चालली हे कळावे, अशी ही सोय होती. शहाणपण सुचल्यावर नावे पुसण्यात आली आणि त्यांच्या जागी चिन्हे आली. ज्याला ठाऊक आहे त्याला ती नावासारखी. इतरांना ती नुसती नक्षी. कोणी फुलपाखरू घेतले, कोणी काटेरी रानफूल, कोणी तांबडा त्रिकोण. काहींनी तर कोडीच घातली. अठराव्या डिव्हिजनने ए, टी, एन ही तीन अक्षरे घेतली. मोठ्याने म्हणून पाहा, ‘एटीन’ ऐकू येते. पस्तिसाव्या डिव्हिजनने सात आकडे वर्तुळात मांडले, सातही पाचाचे. साता पाचा पस्तीस. शाळेतला पाढा असा खंदकात कामी आला. शत्रूला पाढे येत नसतील अशी कल्पना करणाऱ्या त्या अधिकाऱ्याविषयी मला फार ममत्व वाटते.

पण माणसाचा स्वभाव असा की, त्याच्या हाती खूण दिली की तो तिच्यावर जीव जडवतो. लपण्यासाठी दिलेली ही चिन्हे सैनिकांना बघता बघता प्यारी झाली. अमेरिकेची एक्क्याऐंशीवी डिव्हिजन साऊथ कॅरोलिनात कॅम्प जॅक्सन येथे तयार होत होती. तिथल्या ‘रानमांजर’ नावाच्या ओढ्यावरून तिने रानमांजराचे चित्र घेतले आणि १९१८ साली ते बाहीवर शिवून ती फ्रान्सकडे निघाली. इतर पलटणींना हे रुचले नाही. परवानगी कोणी दिली, अशी विचारणा झाली. प्रकरण सरसेनापती पर्शिंगपर्यंत पोहोचले. पर्शिंगने मांजराला हाकलले नाही. उलट ऑक्टोबर १९१८ मध्ये सर्वच डिव्हिजनांना आपापले चिन्ह घेण्याचा हुकूम सुटला. अमेरिकेतली बाहीवरच्या चिन्हांची सारी परंपरा, तो प्रसिद्ध ‘तांबडा एक’ धरून, ह्या मांजराच्या मागोमाग आलेली आहे.

तिकडे इंग्लंडात ही चिन्हे घरोघर पोहोचली. नवरा आघाडीवर असलेली बाई त्याच्या रेजिमेंटचे चिन्ह असलेली टाचणी पदकासारखी छातीवर लावी. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या गॉस कारखान्याने चिनी मातीच्या लहान लहान वस्तूंवर गावोगावची मानचिन्हे छापून आधीच नाव कमावले होते. युद्धकाळात त्याने रेजिमेंटांचीही चिन्हे छापली. फडताळात मांडून ठेवलेले ते भांडे म्हणजे घरच्यांपुरते त्या मुलाचे नाव. आजचा काळा पेला ह्या भांड्यांच्या वंशातला.

चिन्ह आपण निवडतो खरे, पण त्याचा अर्थ आपल्या ताब्यात राहत नाही. अमेरिकेच्या पंचेचाळिसाव्या डिव्हिजनचे उदाहरण मराठी वाचकाला विशेष लागेल. ओक्लाहोमा, कोलोरॅडो, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको ह्या चार राज्यांतील शिपायांची ही डिव्हिजन. त्या मुलखातील मूळच्या इंडियन जमातींचा मान राखण्यासाठी तिने १९२४ साली जे चिन्ह घेतले ते होते, तांबड्या चौकोनात पिवळे स्वस्तिक. आपल्या उंबऱ्यावर आणि जमाखर्चाच्या वहीच्या पहिल्या पानावर जे निघते तेच. पुढे जर्मनीत त्या आकृतीचे काय झाले ते जग जाणते. डिव्हिजनने आपले स्वस्तिक उतरविले आणि १९३९ साली त्याच तांबड्या चौकोनात गर्जनेचा पक्षी बसविला. तोही त्याच जमातींच्या कथांतला. ही डिव्हिजन सिसिलीत उतरली, ॲन्झिओला लढली, आणि २९ एप्रिल १९४५ रोजी डाखाऊच्या छळछावणीत शिरणाऱ्यांत तिचे शिपाई होते. ज्यांच्या बाहीवर कधीकाळी स्वस्तिक होते त्यांनी स्वस्तिकाच्या राज्यातला तो नरक उघडला. ह्यावर भाष्य करण्याची मला गरज वाटत नाही.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी डिव्हिजनांनाही चिन्हे मिळाली. चौथीचा तांबडा गरुड, पाचवीचा काळ्यावर तांबडा गोळा, सतराव्वीचे काळे मांजर, आठवीची क्लोव्हरची पिवळी पाने. मराठा पलटणी ह्यांतल्या अनेक चिन्हांखाली लढल्या. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्या सेनियो नदीवर जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन पाणी ओलांडणारे आणि मग एकट्याने मशीनगनींवर चालून जाणारे नगर जिल्ह्यातील नामदेव जाधव आठव्या डिव्हिजनचे. व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणाऱ्या त्या शिपायाच्या बाहीवर क्लोव्हरची पाने होती. आपल्याकडे हे झाड कोणी ओळखीतही नाही. युरोपात ते शुभ मानतात.

आणि जिथे चिन्हावर एवढा विश्वास बसला, तिथे त्याच्या जोरावर खोटे बोलणेही आलेच. १९४४ साली नॉर्मंडीवरील स्वारीपूर्वी दोस्तांनी इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर जनरल पॅटनच्या नावाने एक अख्खा सेनासमूह उभा केला. त्यातल्या कित्येक डिव्हिजना केवळ कागदावर होत्या. पण त्यांची बाहीवरची चिन्हे मात्र रीतसर आखून तयार करण्यात आली! माणसे नाहीत, चिन्हे आहेत. ह्याच्या उलट प्रकार फ्रान्समध्ये झाला. अमेरिकेची तेविसावी विशेष तुकडी, सुमारे ११०० माणसांची. तिच्यात चित्रकार होते, ध्वनीचे जाणकार होते, हवेने फुगविलेले रबरी रणगाडे होते. ही माणसे आज एका डिव्हिजनचे चिन्ह बाहीवर शिवीत, उद्या दुसरीचे. गाड्यांवरचे आकडे बदलीत, गावातल्या कॅफेत बसून मोठ्याने बोलत, म्हणजे पाहणाऱ्याने पाहावे आणि पोहोचविणाऱ्याने बातमी पोहोचवावी. मार्च १९४५ मध्ये ऱ्हाईन ओलांडण्याच्या वेळी त्यांनी दोन पुऱ्या डिव्हिजनांचे सोंग वठविले. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे हे सारे गुप्त होते. ह्या शिपायांना आपल्या बायकामुलांनाही सांगता येईना की, आपण युद्धात काय केले. अमेरिकन काँग्रेसचे सुवर्णपदक त्यांना २०२४ साली मिळाले. तोवर हयात असलेले थोडेच उरले होते.

आतापर्यंत ज्यांची गोष्ट सांगितली त्यांना चिन्ह होते. ते लपवावे की मिरवावे, की त्याचे सोंग करावे एवढाच प्रश्न होता. चिन्हच नाकारलेल्यांची गोष्ट वेगळी, आणि ती आपल्या घरची आहे. कंपनीच्या मुंबई सैन्यात महार शिपाई पिढ्यान् पिढ्या होते. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावी भीमेच्या काठी पेशव्यांच्या सैन्याशी जी लढाई झाली तिच्या स्मारकस्तंभावर कंपनीच्या ४९ मृतांची नावे आहेत. त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ हा प्रत्यय आहे. महारांची नावे तेव्हा अशी असत. पुढे ‘लढवय्या जाती’ आणि बाकीच्या अशी वाटणी इंग्रजांच्या डोक्यात शिरली आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या वाडवडिलांची नावे दगडावर कोरलेली होती त्यांना सांगण्यात आले की, तुम्ही शिपाईगिरीच्या लायकीचे नाही. निवृत्त लष्करी हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली ह्याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी थेट विलायतेस अर्ज धाडला. ह्या अर्जांची भाषा विनंतीची, पण मागणी साधी आहे. आमचे पूर्वज उभे होते तिथे आम्हाला उभे राहू द्या.

महायुद्धात माणसांची चणचण पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरली, १९२१ मध्ये ती मोडली. डॉ. आंबेडकर स्वतः सुभेदाराचे पुत्र. १ जानेवारी १९२७ रोजी ते कोरेगावच्या स्तंभापाशी गेले, आणि १९४१ साली संरक्षण सल्लागार समितीवर येताच त्यांनी हा प्रश्न लावून धरला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या टोपीवर जे चिन्ह आले त्यात कोरेगावचा स्तंभ होता.

शत्रूला ओळख पटू नये म्हणून साता पाचाचे कोडे घालणाऱ्या डिव्हिजनशी हे चिन्ह ताडून पाहावे. इथे शत्रूला चकविण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्याच सरकारने आणि आपल्याच समाजाने पन्नास वर्षे डोळ्यांआड केलेली एक गोष्ट दोन बोटे उंचीच्या धातूच्या तुकड्यावर पुन्हा दिसू लागली होती. ज्या हवालदाराने अर्ज केला तो हा बिल्ला पाहावयास उरला नव्हता.

स्वातंत्र्यानंतर ह्या चिन्हातला स्तंभ जाऊन त्या जागी खंजीर आला. दोन मशीनगनी मात्र राहिल्या. हा बदल कोणाला योग्य वाटेल, कोणाला खटकेल. पेशव्यांविरुद्धच्या कंपनीच्या विजयाचा स्तंभ स्वतंत्र भारताच्या टोपीवर असावा का, असे विचारणारे आहेत. आणि त्या स्तंभावरची ‘नाक’ ही अक्षरे कोणत्या विजयाची आहेत, हे आधी विचारा, असे म्हणणारेही आहेत. माझा कल दुसऱ्यांकडे आहे. चिन्हाचा अर्थ ज्याने ते उभारले त्याच्या मालकीचा राहत नाही, हे आपण ओक्लाहोमाच्या स्वस्तिकात पाहिले. तोच न्याय कंपनीच्या स्तंभालाही लागू आहे.

आज महार रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे. ‘यश सिद्धी’ हे तिचे ब्रीद. तिच्या एखाद्या जवानाने निवृत्तीची आठवण म्हणून तो काळा पेला करून घेतला, तर कढत चहाने त्यावर खंजीर आणि मशीनगनी उमटतील. स्तंभ भीमेच्या काठी आपल्या जागी आहे. दर १ जानेवारीला पहाटेपासून तिथे लोकांची रीघ लागते, आणि त्या गर्दीत रेजिमेंटचे निवृत्त शिपाई असतात. छातीवर पदके लावून ते रांगेत उभे राहतात आणि स्तंभाला सलामी देतात.